‘द रेन्स केम’मधलं रांचीपूर म्हणजे आपलं बडोदं. मग बडोदेकर कुठे गेले?

सुरसागरकाठ:

मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय. थोडक्यात विचारला तर "जुना सिनेमा आहे, सोडून द्या" म्हणाल, म्हणून.

मी दांडिया बाजारातली. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि भांडताना दोन्ही. आजीच्या तोंडी कायम एक "गायकवाडांचा इंग्रजी शिणेमा" असायचा. लग्नानंतर दोन-तीन वर्षं ती गिरगावात होती, तेव्हा आजोबांनी तिला दाखवलेला. त्यात भूकंप होतो, धरण फुटतं, गावभर पाणी होतं, मग साथ येते. एक खमकी राणी असते आणि डॉक्टर "इतका देखणा की त्याच्याकडून काढासुद्धा गोड लागेल". नाव मात्र तिला कधी आठवलं नाही.

नाव मला सापडलं ते कॉलेजात असताना, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना तिथली काचेची जमीन आठवेल. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली डोक्यावरून सावली सरकते. तिथे लुई ब्रॉमफील्डची ‘द रेन्स केम’ ही जाडजूड कादंबरी हाती लागली. हा अमेरिकन लेखक १९३०च्या दशकात बडोद्याला राहून गेला, आणि १९३७ साली त्याने ‘रांचीपूर’ नावाच्या काल्पनिक संस्थानावर ही कादंबरी लिहिली. ते रांचीपूर म्हणजे बडोदं. दोन वर्षांत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्यावर सिनेमा काढला. दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउन.

सिनेमा बघायचा योग मात्र आत्ता आला. भाच्याच्या मुलाने लॅपटॉपवर लावून दिला, शेजारी बसला आणि दहाव्या मिनिटाला विचारलं, "आजी, यातला इंडियन कोण?"

मी नावं काढायला बसले. देखणा डॉक्टर मेजर रामा सफ्ती म्हणजे टायरोन पॉवर, जन्म सिनसिनाटीचा, तोंडाला सावळा रंग आणि डोक्याला फेटा. महाराज म्हणजे एच. बी. वॉर्नर, लंडनचे. हे गृहस्थ १९२७च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’मध्ये येशू ख्रिस्त झाले होते. महाराणी म्हणजे मारिया उस्पेन्स्काया, रशियातल्या तुला गावची, मॉस्को आर्ट थिएटरमध्ये तयार झालेली. विलायती थाटाचे बॅनर्जीबाबू म्हणजे व्हिएन्नाचा जोसेफ शिल्डक्राउट. नोकरसुद्धा आपला नाही, तो मिलवॉकीचा ॲबनर बिबरमन. आणि गंमत म्हणजे साहेबाची बायको झालेली मर्ना लॉय, मोंटानाची. ही बाई दहा वर्षांपूर्वी जॉन फोर्डच्या ‘द ब्लॅक वॉच’मध्ये यास्मिनी नावाची हिंदुस्थानी बाई झाली होती. म्हणजे तिची तेवढी बढती झाली!

मग आपली माणसं कुठे आहेत? पाण्यात. बांध फुटतो आणि मुंडासं घातलेला घोळका वाहून जातो. कोण होते, कुठल्या आळीतले, त्यांचं पुढे काय झालं, काही नाही.

मला लागलं ते असं. हे संस्थान १९०६ पासून राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण देत होतं. १९१३ मध्ये याच संस्थानाने आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि १९२७च्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पुराचं म्हणाल तर १९२७च्या जुलैत गुजरातेत आणि बडोद्यात खराखुरा महापूर आला. आजी तेव्हा बारा वर्षांची. तिचं माहेर विश्वामित्रीकडच्या उतारावर. सगळं घर माळ्यावर जाऊन बसलं होतं, आणि तिच्या आईने आधी काय वर नेलं तर लोणच्याची बरणी. दोन दिवस भाकरी न् लोणचं. असं एक तरी माणूस सिनेमात असेल म्हणून मी शेवटपर्यंत बघत राहिले.

तर प्रश्न असे. त्या काळातले हॉलिवूडचे आपत्तीपट सगळे असेच होते का? खरोखर एकही भारतीय नट तिथे नव्हता? आणि आपल्याकडे तेव्हा कुणी आवाज केला का?

जुनी रिळं:

सुरसागरताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. ‘द रेन्स केम’वर मराठीत कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नव्हतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच सगळी मेख आहे. भारतीय होते. साबू होता. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा पोरगा, १९३७च्या ‘एलिफंट बॉय’ने जगभर पोचला. पण त्याला हत्ती, जंगल, गालिचा यांच्याबाहेर कुणी जाऊ दिलं नाही. डॉक्टर वगैरे तर सोडाच. दुसरं नाव मर्ल ओबेरॉन. मुंबईत १९११ साली जन्मलेली अँग्लो-इंडियन बाई, १९३५च्या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळवलेली, आणि जन्मभर सांगत राहिली की मी टास्मानियाची. आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. सिनसिनाटीच्या माणसाने हिंदी व्हायला तोंडाला रंग फासायचा, तर मुंबईच्या मुलीने काम टिकवायला आपली मुंबई लपवायची.

याला नुसती आवडनिवड कारणीभूत नव्हती. नियमही होता. १९३४ पासून कडक राबवलेल्या प्रॉडक्शन कोडमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमावलीत, गोऱ्या आणि काळ्या वंशांतल्या शरीरसंबंधांना बंदी होती, आणि स्टुडिओ ती सवयीने आशियाई पात्रांपर्यंत ताणत. ‘द गुड अर्थ’चं उदाहरण प्रसिद्ध आहे. चिनी शेतकरी झाला पॉल म्युनी, मग त्याची बायकोही गोरीच हवी. अ‍ॅना मे वाँग त्या भूमिकेसाठी टाचा घासत राहिली, भूमिका मिळाली लुईस रेनरला आणि ऑस्करही तिलाच. ‘रेन्स केम’मध्ये लेडी एडविना (तीच मर्ना लॉय) हिंदी डॉक्टरच्या प्रेमात पडते. ती साथीत रुग्णांची सेवा करते, चुकून रुग्णाच्या ग्लासातून पाणी पिते आणि मरते. तिचं पाप धुतलं जातं, त्याचं राज्य वाचतं, सेन्सॉर खूश. त्या सगळ्या पुराला आणि साथीला पटकथेत काम एवढंच आहे: एका मडमेचं शुद्धीकरण.

आपत्तीपटांची ही घडणच होती. जवळचा शॉट नाववाल्यांना, लांबचा शॉट गाववाल्यांना. ‘द हरिकेन’ (१९३७) घ्या. दक्षिण समुद्रातलं बेट, तिथल्या माणसांवर फ्रेंच अंमलदार अन्याय करतो. म्हणजे विषय चांगला धीट आहे. बेटावरची नायिका कोण, तर न्यू ऑर्लीन्सची डोरोथी लामूर. ‘इन ओल्ड शिकागो’ (१९३८) मध्ये १८७१ची आग. तिथे निदान आयरिश स्थलांतरितांचं घर मध्यभागी आहे, कारण तोवर आयरिश लोक ‘आपल्यात’ आले होते. त्यात मादाम सुल-ते-वान ही कृष्णवर्णीय नटी आहे. मूकपटांपासून काम करणारी मुरलेली बाई, इथे नायिकेची मोलकरीण.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, पाणी अव्वल आहे. फ्रेड सर्सन आणि ई. एच. हॅन्सन यांना त्यासाठी स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. या विभागात नियमित स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली होती, आणि त्यांनी ‘गॉन विथ द विंड’ न् ‘विझर्ड ऑफ ऑझ’ दोघांना मागे टाकलं. तो समारंभ २९ फेब्रुवारी १९४०चा, लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात. त्याच रात्री हॅटी मॅक्डॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. तिला बसवलं होतं वेगळ्या टेबलाशी, भिंतीकडेला. तर त्याच दालनात आपल्या बडोद्याच्या पुराला बक्षीस मिळालं.

आवाज केला का? केला, पण इंग्रजी साम्राज्याचे गोडवे गाणाऱ्या इतर चित्रपटांवर जास्त. ‘द ड्रम’विरुद्ध १९३८ मध्ये मुंबईत निदर्शनं झाली, ‘गंगादिन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी आली. ‘फिल्मइंडिया’ मासिकवाले बाबूराव पटेल असल्या चित्रपटांवर तुटून पडत. ‘रेन्स केम’मधला डॉक्टर हुशार, राणी कर्तबगार, त्यामुळे इतरांपुढे तो सभ्यच वाटायचा. आजीला आवडला यात मला काही नवल वाटत नाही.

खाडीपलीकडची:

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, बावीस वर्षं झाली. आपत्तीपट म्हटल्यावर इथला राहून कसा चालेल? ‘सॅन फ्रान्सिस्को’, १९३६, क्लार्क गेबल आणि जनेट मॅक्डॉनल्ड. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपावरचा.

दर वर्षी त्या तारखेला पहाटे इथे मार्केट स्ट्रीटवर लॉटाज फाउंटन नावाच्या जुन्या कारंज्यापाशी लोक जमतात. पाच वाजून बारा मिनिटांनी, म्हणजे भूकंपाच्या क्षणी, सायरन वाजतात. नवऱ्याने वेड्यात काढलं तरी मी एकदा गेले होते. काळोख, बोचरं वारं, काही लोक १९०६च्या वेशात, एक बाई तर पिसांची टोपी घालून. आणि मग सगळे गाऊ लागले ते याच सिनेमातलं गाणं! खऱ्या भूकंपाच्या स्मरणाला सिनेमाचं गाणं. मला आधी हसू आलं, मग मीही गुणगुणले. चाल फारच पकड घेणारी आहे.

आता सिनेमात काय नाही ते सांगते. चायनाटाउन. त्या आगीत ते अख्खं जळून गेलं. राख गरम असतानाच शहरातल्या बड्या लोकांनी बेत केला की चिन्यांना आता इथे परत बसू द्यायचं नाही, लांब हंटर्स पॉइंटला हलवायचं. मोक्याची जागा ना! चिनी व्यापारी आणि चीनचा वकील अडून बसले, चिनी लोक कर आणि व्यापार घेऊन दुसऱ्या शहरात जातील हेही कारभाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि चायनाटाउन जागच्या जागी पुन्हा उभं राहिलं. आज पर्यटक ज्या पॅगोडासारख्या छपरांचे फोटो काढतात ती त्यानंतरची.

दुसरी गोष्ट त्याहून सिनेमासारखी. आगीत शहराचे जन्मदाखले जळाले. चिन्यांना अमेरिकेत यायला १८८२ पासून कायद्याने बंदी होती, पण इथे जन्मलेला माणूस नागरिक, आणि त्याची मुलं येऊ शकत. दाखलेच जळाल्यावर किती जणांनी सांगितलं की माझा जन्म इथलाच. मग चीनमधून ‘मुलगे’ येऊ लागले, काही खरे, बरेचसे कागदावरचे. त्यांना ‘पेपर सन’ म्हणत. ते गावची विहीर कुठे, घराला पायऱ्या किती, असलं सगळं पाठ करून येत, कारण बंदरावर तासन् तास उलटतपासणी होई. माझ्या ऑफिसात एक सहकारी होती. तिच्या घराण्याचं पाटीवरचं आडनाव वेगळं आणि थडग्यावरचं वेगळं. का, ते तिने मला एकदा डबा खाताना सांगितलं, सहज, आपण मीठ कमी पडलं म्हणतो तसं.

यातलं काही पडद्यावर नाही. पडद्यावर गेबल देवाचे आभार मानतो आणि सगळे स्तोत्र गात टेकडी चढतात.

मृतांचंही तसंच. अधिकृत आकडा कितीतरी वर्षं पाचशेच्या आत होता. पुढे ग्लॅडिस हॅन्सन नावाच्या शहराच्या दप्तरपालबाईंनी एकेक नाव शोधत तो तीन हजारांवर नेला. चिनी मृत आधी कुणी धड मोजलेच नव्हते.

जुनी रिळं यांच्या मुद्द्यात थोडी भर. भारतीयांची तरी वेगळी काय तऱ्हा होती? १९१७च्या कायद्याने येणं बंद, १९२३च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. ते दार १९४६ मध्ये किलकिलं झालं. बाहेर देशात जागा नाही तर पडद्यावर कुठून मिळणार?

सडेतोड सांगलीकर:

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण थोडं उलटं बोलू का?

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामती कोण होती? अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा बाप्या. त्याला आपण कौतुकाने सांगतो. मग उस्पेन्स्कायाबाईंनी काय घोडं मारलंय? नट म्हणजे सोंग. आमच्याकडे बालगंधर्वांनी हयात त्यात घालवली, आणि बायका त्यांचं बघून पदर घ्यायला शिकल्या.

दुसरं. "जवळचा शॉट नाववाल्यांना, लांबचा गाववाल्यांना" हे वाचून मला हॉलिवूड नाही आठवलं. २०१९चा ऑगस्ट आठवला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही गावभागातून बाहेर पडून मेव्हण्याकडे, टीव्हीसमोर. चॅनेलवर हेलिकॉप्टरमधून दिसणारी तपकिरी सांगली, मग बोटीत बसलेले पुढारी जवळून, मग परत तपकिरी सांगली. आमची आळी मला फक्त एका पत्र्याच्या रंगावरून ओळखू आली. तेव्हा नव्वद वर्षांपूर्वीच्या अमेरिकनांना कशाला धरून बसायचं?

सुरसागरकाठ:

सांगलीकर, तुमचा दुसरा मुद्दा मान्य. पत्र्याचा रंग वाचून गलबललं. पहिला मात्र नाही हो. फाळके बाई मिळावी म्हणून दारोदार फिरले, अगदी कोठीवरही विचारून आले, कुणी तयार होईना, म्हणून साळुंके. इथे मर्ल ओबेरॉन तिथेच हॉलिवूडमध्ये, हाकेच्या अंतरावर राहत होती, आणि भारतीय आहे हे कुणाला कळू नये म्हणून धडपडत होती. न मिळणं वेगळं आणि नको असणं वेगळं. बालगंधर्वांचं म्हणाल तर त्यांचा पदर बघून बायका शिकल्या. उस्पेन्स्कायाबाईंचा बघून माझी आजी काय म्हणाली होती ते सांगू? "राणी बरी होती गं, पण पदर बिचारीला कुणी पिनसुद्धा लावून दिली नाही."

तरी त्या राणीवर माझा राग नाही, उलट तीच त्यातल्या त्यात जिवंत वाटते. एवढीशी बाई, पण पत्ते खेळताना आणि राज्य चालवताना सारखीच धूर्त. महाराज गेल्यावर तीच कारभार हाती घेते आणि डॉक्टरला वारस ठरवते. हे बघून बडोदेकराला महाराणी जमनाबाई आठवणारच. त्यांनी १८७५ साली नाशकाकडच्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. ब्रॉमफील्डच्या कानावर ही गोष्ट बडोद्यात कुणी ना कुणी घातली असणार, असं मला आपलं वाटतं. सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्ये मुंबईत वारले, सिनेमा आला सप्टेंबरात. त्यांनी तो पाहिला असता तर काय म्हणाले असते, यावर आमच्याकडे जेवणानंतर अर्धा तास वाद झाला.

जुनी रिळं, तुमच्या उत्तराने एक कोडं सुटलं. एडविना मरते तेव्हा मला वाटलं होतं की साथीची भीषणता दाखवायला तिला मारली. सेन्सॉरचं डोक्यातच आलं नव्हतं. मग साथीत बाकी जे मेले त्यांच्या वाट्याला निदान एक नाव तरी यायला हवं होतं.

आणि खाडीपलीकडची, तुमच्या त्या ग्लॅडिसबाईंवर स्वतंत्र धागा काढा ना. मृतांची नावं एकेक करून गोळा करणारी बाई, यावर सिनेमा का नाही निघाला?

बाकी भाच्याच्या मुलाने १९५५चा ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’ही शोधून काढलाय. तोच ऐवज, पण रंगीत. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झालेली, आणि डॉक्टर सफ्ती या खेपेला वेल्समधला रिचर्ड बर्टन. राणी कोण असेल म्हणता? युजिनी लिओन्टोविच, जन्म रशियाचा. बडोद्याची गादी रशियाकडेच राहिली म्हणायची.

रविवारी दुपारी बघतोय. या वेळी धरण फुटायच्या आधीच मी वही-पेन घेऊन बसणार आहे. पोराला सांगून ठेवलंय, मी म्हणेन तिथे थांबव. गर्दीतले चेहरे मोजायचेत.